देवबापाच्या हाती सोपवलेली लेक

पंडिता रमाबाई महाराष्ट्राला परिचित आहेत त्या संस्कृत विदुषी आणि स्त्रियांच्या कैवारी म्हणून. दुष्काळ, पटकी आणि आजारपण यांनी एकेक करून सारे आप्त हिरावून नेलेल्या या स्त्रीच्या आयुष्याचा आधार मात्र एका साध्या श्रद्धेत होता. परमेश्वर हा पिता आहे आणि तो आपल्या लेकराला टाकत नाही, ही ती श्रद्धा. ती त्यांना सहज लाभली नव्हती.

साल १८७४. दक्षिणेत दुष्काळ पडलेला. तिरुपतीच्या परिसरातल्या रानात एक ब्राह्मण कुटुंब मरणाची वाट पाहत बसले होते. वडील वृद्ध, दृष्टी अधू झालेली. आई थकलेली. सोबत एक मुलगा आणि दोन मुली. जवळचे सारे द्रव्य दानधर्म आणि देवदेवस्कीत संपलेले. मजुरी करावी तर शरीराला सवय नाही, भीक मागावी तर मन धजत नाही. अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानफळे यांवर काढल्यावर वडिलांनी जलसमाधी घेण्याचे ठरवले. मुलाने त्यांना थांबवले. कुळाचा अभिमान बाजूला ठेवून पडेल ते काम करण्याची तयारी त्याने दाखवली. कुटुंब रानातून बाहेर पडून जवळच्या गावी आले, पण वडिलांचे शरीर तोवर पुरते खचले होते.

अखेरच्या घटकेला वडिलांनी धाकट्या लेकीला जवळ घेतले. ती त्यांची सर्वांत लाडकी. आपण तिला देवाच्या हाती सोपवले आहे, ती आता त्याचीच आहे आणि तिने जन्मभर त्याचीच सेवा करावी, असे त्यांनी तिला क्षीण स्वरात सांगितले. सोळा वर्षांच्या त्या मुलीला त्यावर काही उत्तर देता आले नाही. वडील कोणत्या देवाविषयी बोलत आहेत आणि तो आपल्याला कुठे भेटणार, हे तिला तेव्हा उमगले नव्हते. उत्तर सापडायला पुढे जवळजवळ वीस वर्षे जावी लागली आणि ते देण्यात उरलेले सारे आयुष्य गेले.

ही मुलगी म्हणजेच पंडिता रमाबाई.

जंगलातले घर, टोपलीतला प्रवास

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे गाढे पंडित. पुण्यात रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे शिकत असताना गुरुजी पेशव्यांच्या वाड्यात राणीला संस्कृत शिकवतात, हे त्यांनी पाहिले होते. स्त्रीने वेदवाणी शिकली म्हणून आभाळ कोसळत नाही, ही खूणगाठ त्यांनी तेव्हाच बांधली. पुढे पत्नी लक्ष्मीबाईंना त्यांनी संस्कृत शिकवले. शास्त्री-पंडितांचा रोष पत्करला, त्यांच्यासमोर आपली बाजू मांडली आणि अखेर रानात आश्रम थाटला.

यात्रेकरू आणि विद्यार्थी यांच्या आदरातिथ्यात आश्रमाची शिल्लक संपली. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना कुटुंबाने घर सोडले. तान्ह्या मुलीला वेताच्या टोपलीत घालून, ती टोपली सेवकाच्या डोक्यावर देऊन ही मंडळी डोंगर उतरली. त्यानंतर घर असे उरलेच नाही. तीर्थक्षेत्री जायचे, देवळात किंवा घाटावर पुराण सांगायचे, मिळेल ती दक्षिणा घ्यायची आणि पुढच्या गावी निघायचे, हाच संसार. या वाटेवरच लक्ष्मीबाईंनी लेकीला शिकवले. पहाटे इतर मंडळी उठण्यापूर्वी आई धाकटीला मांडीवर घेऊन संथा देत असे. पंधराव्या-सोळाव्या वर्षापर्यंत या मुलीला भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत झाले होते.

दुष्काळ आला तेव्हा कुटुंबाने शास्त्रात सांगितलेले सारे उपाय केले. उपास केले, मूर्तींची पूजा बांधली, ब्राह्मणांना दाने दिली. देव प्रसन्न होऊन संकट दूर करील या आशेने होते नव्हते ते सारे त्यांनी दिले. वडिलांपाठोपाठ काही आठवड्यांतच आई गेली. आईच्या अखेरच्या दिवसांत तिला चार घास मिळावेत म्हणून रमाबाई शेजारच्या दाराशी गेल्या, पण भीक मागण्यासाठी तोंडून शब्द फुटेना. त्या घरच्या बाईने ओळखून भाकरीचा तुकडा हातावर ठेवला. तो खाण्याची ताकद आईत उरली नव्हती. तिला खांदा द्यायला माणसे मिळेनात. कसेबसे दोन ब्राह्मण तयार झाले, तिसरा मुलगा आणि चौथी रमाबाई. उंची कमी असल्याने तिरडीचा दांडा त्यांना डोक्यावर घ्यावा लागला. त्यानंतर थोरली बहीणही पटकीने गेली.

मागे राहिली ती दोन भावंडे, रमा आणि श्रीनिवास. पुढची काही वर्षे दोघांनी पायी भारत पालथा घातला. उत्तरेत झेलमच्या काठी थंडीत पांघरूण नसल्याने वाळूत खड्डे करून, अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. या भ्रमंतीतच लहानपणापासूनची श्रद्धा एकेक पापुद्रा सुटावा तशी सुटत गेली. सांगितलेले सारे केले, तरी कोणी धावून आले नाही, हे त्यांच्या मनातून जात नव्हते.

पंडिता आणि पोरकेपण

१८७८ मध्ये भावंडे कोलकात्यात पोहोचली. संस्कृतात अस्खलित बोलणारी वीस वर्षांची अविवाहित तरुणी पाहून तिथले विद्वान थक्क झाले. विद्यापीठाच्या सभागृहात त्यांची परीक्षा झाली आणि त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या देण्यात आल्या. केशवचंद्र सेन यांनी त्यांच्या हाती वेदांची प्रत दिली. स्त्रियांना ज्याचा अधिकार नाही असे ऐकत आल्या, तो ग्रंथ त्या वाचू लागल्या. वाचता वाचता त्यांच्या मनात शंका वाढत गेल्या. धर्मग्रंथ अनेक बाबतीत एकमेकांशी जुळत नाहीत, स्त्रीच्या हीनत्वाविषयी मात्र त्यांचे एकमत आहे, असे त्यांना दिसले.

१८८० मध्ये ढाक्याला श्रीनिवास गेला. आप्त म्हणावे असे कोणीच उरले नाही. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. संसार आसामातल्या सिल्चरला मांडला. १८८१ च्या एप्रिलमध्ये मुलगी झाली. तिचे नाव मनोरमा. नवऱ्याच्या पुस्तकांत बंगालीतले लूकचे शुभवर्तमान त्यांना सापडले आणि त्या कुतूहलाने ते वाचू लागल्या. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने बिपिनबाबूंना गाठले. अवघ्या दीड-पावणेदोन वर्षांचा संसार संपला.

तेवीस वर्षांची विधवा, कडेवर दहा महिन्यांची मुलगी. त्या काळात विधवेचे जिणे कसे असे, हे निराळे सांगायला नको. रमाबाई मात्र कोपऱ्यात बसल्या नाहीत. त्या पुण्यात आल्या. १८८२ मध्येच त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले आणि हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टरांची गरज ठामपणे मांडली. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सुधारकांचा पाठिंबा त्यांना मिळाला. पुण्यातच त्या मिस हरफर्ड यांच्याकडे इंग्रजी शिकू लागल्या. नीलकंठशास्त्री गोरे म्हणजेच फादर नेहम्या गोरे यांच्याशी त्यांच्या धर्मचर्चाही झाल्या.

वांटेजचे दिवस

१८८३ मध्ये डॉक्टर होण्याच्या इच्छेने त्या इंग्लंडला गेल्या. वांटेज इथल्या सेंट मेरी द व्हर्जिन या भगिनीसंघाने त्यांना आश्रय दिला. कानांनी दगा दिल्यामुळे वैद्यकीय शिक्षण शक्य झाले नाही. बहिरेपणाची ही अडचण त्यांना पुढेही आयुष्यभर सोसावी लागली.

या काळात एका प्रसंगाने त्यांच्या मनावर खोल ठसा उमटवला. लंडनमधल्या फुलहॅम भागात भगिनींनी वाट चुकलेल्या, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी चालवलेले घर त्यांनी पाहिले. अशा स्त्रीला कोणी प्रेमाने वागवते, तिला पुन्हा उभे करते, हे त्यांनी आजवर कुठे पाहिले नव्हते. याची प्रेरणा कोणती, असे विचारल्यावर त्यांना शोमरोनी स्त्रीशी विहिरीवर बोलणाऱ्या येशूची कथा ऐकवण्यात आली. आजवर ऐकलेल्या धर्माने जिला दारातही उभे केले नसते, तिच्याशी बोलणारा देव त्यांना इथे भेटला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात खळबळ उडाली. ज्या बाईला डोक्यावर घेतले तिने धर्म सोडला, ही भावना सुधारकांनाही टोचली. पैशासाठी, आसऱ्यासाठी धर्मांतर झाले, असा आरोप झाला. वांटेजमधला त्यांचा पत्रव्यवहार मात्र निराळी हकीकत सांगतो. आश्रय देणाऱ्यांचे सारे काही मुकाट मान्य करणारी ही बाई नव्हती. त्रैक्य, चर्चचा अधिकार, धर्मगुरूंची आज्ञा अशा अनेक विषयांवर त्या आपल्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांच्याशी कडाक्याने वाद घालत. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, आपल्या भाषेत का नकोत, असा त्यांचा सवाल होता. आहार शाकाहारीच राहिला, पोशाख साधा भारतीयच राहिला. भटांच्या मध्यस्थीतून सुटून पाद्र्यांच्या मध्यस्थीत अडकायची त्यांची तयारी नव्हती. देवाशी लेकराचे नाते असेल तर मध्ये दलाल कशाला, हा त्यांच्या साऱ्या वादांचा गाभा होता.

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे अमेरिकेत राहिल्या. द हाय कास्ट हिंदू वुमन हे त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये निघाले. त्याच वर्षी बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. भारतातल्या विधवांसाठी निघणाऱ्या शाळेचा खर्च दहा वर्षे चालवण्याची हमी या संस्थेने घेतली.

शारदा सदन आणि उघडे दार

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई ही बालविधवा. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह होऊन महाराष्ट्राला ती बाया कर्वे म्हणून ठाऊक झाली. पुढच्याच वर्षी शाळा पुण्यात आली. इथे धर्मशिक्षण दिले जाणार नाही, ज्या मुलीला जो धर्म पाळायचा असेल तो पाळता येईल, अशी अट होती आणि रमाबाईंनी ती मान्य केली होती.

याच काळात रमाबाईंच्या अंतरंगात मोठा बदल झाला. बाप्तिस्मा घेऊन आठ वर्षे झाली होती. प्रार्थना होत होती, अभ्यास होत होता, वाद तर होतच होते. तरीही आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त आपल्याला भेटला नाही, अशी टोचणी त्यांना लागून राहिली. १८९१ च्या सुमारास ही तगमग शमली. पुण्य साठवून देवाला प्रसन्न करायचे नसते, लेकराने हात पसरताच पिता जवळ घेतो, एवढी साधी गोष्ट त्यांना कळली. लहानपणी दाने आणि उपास यांच्या हिशेबात जे सापडले नव्हते, ते विनाहिशेब मिळते, हा त्यांच्या दृष्टीने साक्षात्कार होता. वडिलांनी मरताना ज्याच्या हाती सोपवले तो कोण, या प्रश्नाचे उत्तर आपल्याला मिळाले, असे त्यांना वाटले. बाबांना तो ठाऊक नव्हता, पण बाबांची प्रार्थना त्याने ऐकली होती, अशी त्यांची समजूत झाली. ज्या वडिलांच्या धर्मातून त्या बाहेर पडल्या, त्यांच्या विषयीचा आदर त्यांच्या लेखनात अखेरपर्यंत कमी झालेला दिसत नाही.

या बदलाची किंमत लगेच मोजावी लागली. रमाबाई आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करत तेव्हा दार बंद करत नसत. काही विद्यार्थिनी तिथे येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये हे प्रकरण पेटले. केसरीने कडक टीका केली. रानडे, भांडारकर आदी मंडळी सल्लागार मंडळातून बाहेर पडली आणि पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. मुलींना कोणी बळजबरी केली नाही, पण येऊ पाहणाऱ्यांना दार लावून घेणे आपल्याला जमणार नाही, ही रमाबाईंची भूमिका होती. टीकाकारांचीही बाजू होती. धर्मनिरपेक्ष म्हणून ज्या शाळेत विश्वासाने मुली पाठवल्या, तिथे संचालिकेच्या श्रद्धेचा प्रभाव अटळ होता, हे त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. त्या वादाने रमाबाई आणि महाराष्ट्रातला सुधारक वर्ग यांच्यात पडलेली दरी पुढे कधी बुजली नाही.

देव भारतातही तोच का?

असोसिएशनची दहा वर्षांची हमी १८९८ मध्ये संपणार होती. पुढे काय, हा प्रश्न समोर होता. रमाबाईंनी पुण्यापासून पन्नास-साठ किलोमीटरवर, केडगावला रेल्वेमार्गालगत सुमारे शंभर एकर जमीन घेतली आणि तिथे फळझाडे लावली. बागेच्या उत्पन्नावर शाळा चालेल, असा हिशेब होता.

त्या सुमारास त्यांच्या वाचनात तीन चरित्रे आली. इंग्लंडातल्या ब्रिस्टलमध्ये कोणाकडेही वर्गणी न मागता, केवळ प्रार्थनेवर विसंबून हजारो अनाथांना वाढवणारे जॉर्ज म्युलर, चीनमध्ये काम करणारे हडसन टेलर आणि दक्षिण सागरातल्या बेटांवर राहिलेले जॉन पेटन. वाचताना त्यांच्या मनात अगदी व्यावहारिक शंका आली. इंग्लंडात श्रीमंत ख्रिस्ती लोक आहेत, तिथे म्युलरसाहेबांची गरज भागत असेल. भारतासारख्या दरिद्री देशात असा विश्वास टाकून भागेल का? पिता म्हणून ज्याला हाक मारतो तो ब्रिस्टलमध्ये एक आणि केडगावला दुसरा कसा असेल, या विचाराशी येऊन ती शंका थांबली. लोणावळ्याच्या ख्रिस्ती मेळाव्याला त्या आपल्या पंधरा मुलींसह गेल्या होत्या. तिथे त्यांनी पंधराचा वर्ग व्हावा, म्हणजे सव्वादोनशे लेकी मिळाव्यात, अशी प्रार्थना केली. जवळ ना जागा होती, ना पैसा.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातम्या येऊ लागल्या तशा रमाबाईंच्या डोळ्यांपुढे तिरुपतीचे रान उभे राहिले. उपाशी मुलींना पळवून नेणारे दलाल गावोगाव फिरत होते. पैसे नाहीत, जागा नाही, हा हिशेब त्यांनी काही दिवस केला आणि मग तो सोडून त्या निघाल्या. दुष्काळी छावण्यांतून हाडांचे सापळे झालेल्या मुली आणि विधवा त्यांनी गोळा केल्या. त्यांची संख्या तीनशेच्या घरात गेली. पुण्यात तेव्हा प्लेगची साथ होती आणि नव्या मुलींना शहरात ठेवायला सरकारी नियमांनी मनाई केली. मग केडगावच्या शेतात तंबू आणि गवताच्या झोपड्या उभ्या राहिल्या. बागेसाठी घेतलेली जमीन अशी घर झाली. त्या घराला नाव मिळाले मुक्ती.

१९०० मध्ये गुजरात आणि राजपुतान्यात दुष्काळ पडला तेव्हा मुक्तीतल्याच तयार झालेल्या स्त्रिया मदतीला गेल्या. मुक्तीची वस्ती दोन हजारांच्या जवळपास गेली. एवढ्या तोंडांना रोज दोन वेळ घालायचे म्हणजे केवळ प्रार्थनेचा विषय नव्हता आणि रमाबाईंनी तो तसा मानलाही नाही. विहिरी खणल्या, शेती केली, गाईगुरे पाळली. माग लागले, तेलाचा घाणा आला, शिवणकाम आणि छापखाना सुरू झाला. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवले गेले, वृद्ध स्त्रियांसाठी निराळे घर निघाले. फुलहॅममध्ये पाहिलेले ते घर कृपा सदनाच्या रूपाने केडगावला उभे राहिले. समाजाने जिला पतित म्हणून टाकले, तिच्यासाठी इथे जागा होती. पित्यावर विश्वास म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे, हे रमाबाईंनी असे रोजच्या कामातून दाखवले. खणायची विहीर आपण, पाणी देणारा तो, अशी ही विभागणी होती.

मृत्यूच्या शेजारी

या घरात मृत्यू पाहुणा नव्हता, शेजारी होता. दुष्काळातून आणलेल्या कित्येक मुली पोटात अन्न पडल्यावरही जगल्या नाहीत. उपासमारीने आतडी निकामी झालेली, अंगावर जखमा, वर आजार. पिता लेकराला टाकत नाही, असे मानणाऱ्या बाईने अशा किती लेकरांना मूठमाती दिली असेल! एखाद्याची श्रद्धा इथेच तुटली असती. रमाबाईंची श्रद्धा मुळात मृत्यू टळेल या अटीवर उभी नव्हती. आईच्या तिरडीचा दांडा डोक्यावर घेतलेल्या मुलीला मरण टळत नाही हे ठाऊक होते. मरणाऱ्याचा हात कोणाच्या तरी हातात असावा, एवढे त्या पाहत असत. रस्त्याकडेला बेवारस मरण्याऐवजी मुक्तीत कोणाची तरी लेक म्हणून डोळे मिटणे, यातला फरक त्यांना स्वानुभवाने कळत होता.

१९०५ मध्ये मुक्तीत मोठी धार्मिक जागृती झाली. दिवसच्या दिवस प्रार्थना, रडणे, गाणे चाले. तिच्या वार्ता जगभरच्या ख्रिस्ती वर्तुळांत पोहोचल्या. काहींनी तिचे कौतुक केले, काहींना तो भावनेचा अतिरेक वाटला. रमाबाईंचे लक्ष त्या सुमारास एका निराळ्याच कामाकडे वळले होते. तेव्हा प्रचारात असलेले मराठी बायबल त्यांच्या मते संस्कृतप्रचुर होते. मुक्तीतल्या खेड्यांतून आलेल्या, नुकत्याच अक्षरे शिकलेल्या बायकांना ते समजत नव्हते. बापाचे पत्र आले आणि लेकीला वाचता आले नाही, तर काय उपयोग? ज्या स्त्रीने संस्कृतच्या बळावर कोलकाता जिंकले, तिने आता संस्कृत शब्द वेचून बाजूला काढायला सुरुवात केली. हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा त्या प्रौढ वयात शिकल्या. अनुवाद स्वतः केला आणि खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम मुक्तीच्या छापखान्यात बायकांनीच केले. हे काम अठराएक वर्षे चालले.

या साऱ्या व्यापात मनोरमा आईच्या खांद्याला खांदा लावून उभी होती. बालपणाची बरीच वर्षे तिने आईपासून दूर वांटेजला काढली होती. पुढे तिने मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली आणि शाळेचा कारभार सांभाळला. गुलबर्ग्याला नवी शाळा काढण्यात तिचा मोठा वाटा होता. रमाबाईंच्या मागे मुक्ती तीच चालवणार, हे सर्वांनी गृहीत धरले होते. कामाच्या ओझ्याने तिची प्रकृती खालावत गेली आणि जुलै १९२१ मध्ये मिरजेला तिचे निधन झाले. वय अवघे चाळीस.

आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा आणि आता एकुलती एक लेक. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी रानात सुरू झालेली ही मालिका पूर्ण झाली होती. ऐकू जवळजवळ येत नव्हते, शरीर थकले होते. रमाबाई पुन्हा टेबलाशी बसल्या आणि मुद्रिते तपासू लागल्या. आपल्याला अनंतशास्त्र्यांनी जसे सोपवले, तसेच त्यांना आता मनोरमेला सोपवायचे होते. फरक एवढाच, की वडिलांनी सोपवले तेव्हा घेणारा हात लेकीला दिसत नव्हता. आता आईला तो ओळखीचा झाला होता.

अखेरचे पान

१९२२ च्या वसंतात बायबलच्या अनुवादाची शेवटची तपासणी चालू होती. प्रकृती बिघडली तेव्हा काम पुरे करण्यासाठी त्यांनी देवाकडे दहा दिवस मागितले, असे सांगितले जाते. ही आठवण शब्दशः खरी मानायची की भक्तांच्या प्रेमाने तिला आकार दिला, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी मुख्य गोष्ट उरतेच. अखेरची मुद्रिते तपासून झाली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावला रमाबाईंनी देह ठेवला. चौसष्टावा वाढदिवस अठरा दिवसांवर आला होता. त्यांनी केलेले संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

ज्या समाजासाठी त्या झटल्या, त्याने त्यांना बराच काळ विस्मरणात ठेवले. सुधारकांच्या यादीत त्यांचे नाव उशिरा आणि संकोचाने आले. १९१९ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले होते. स्वतंत्र भारताच्या टपाल खात्याने १९८९ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. अलीकडच्या काळात अभ्यासकांनी त्यांची पत्रे, प्रवासवृत्त आणि पुस्तके पुन्हा वाचायला घेतली आहेत. स्त्रीमुक्तीचा विचार करणाऱ्यांना त्यांची बंडखोरी भावते आणि श्रद्धा अडचणीची वाटते. भाविकांना श्रद्धा भावते आणि चर्चशी घातलेले वाद विसरावेसे वाटतात. रमाबाईंच्या आयुष्यात मात्र या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या. आपण कोणाची तरी लेक आहोत, हे ज्याला एकदा पटले त्याला शास्त्री, पाद्री किंवा सरकार यांपैकी कोणापुढेही मान खाली घालून उभे राहावे लागत नाही. त्यांचे बंड आणि त्यांचा विश्वास एकाच ठिकाणाहून आले होते.

मराठी ख्रिस्ती बोलीत देवबाप हा घरगुती शब्द रूढ आहे. त्यात देवघराचा दरारा नाही, ओसरीवरची जवळीक आहे. घर नसलेल्या, टोपलीतून जगाच्या वाटेला लागलेल्या रमाबाईंना तो शब्द किती मोलाचा वाटला असेल, याची कल्पना करता येते. केडगावची मुक्ती आजही निराधार स्त्रिया आणि मुलांसाठी उभी आहे. कोणाचेच नसलेल्यांना कोणाचे तरी होता यावे, हाच तिचा मूळ हेतू.

मरणाच्या दारात असलेल्या वडिलांना सोळा वर्षांच्या मुलीने द्यायचे राहिलेले उत्तर रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मकथनात देऊन टाकले. बाबांनी ज्याची सेवा करायला सांगितले, त्याची सेवा आपण शेवटपर्यंत करू, असा त्याचा आशय. वडील ते ऐकायला नव्हते. पण लेकीने शब्द दिला आणि अखेरच्या मुद्रितापर्यंत तो पाळला.